निशिगंधा सावे यांचं पोट

"गर्भाशय काढलंय ना तुमचं?" डॉक्टर रियाने कॉम्प्युटरवरची नजर न हलवता विचारलं, आणि निशिगंधा म्हणाली, "हो."

म्हणून झाल्यावर तिला ते ऐकू आलं. हो. कोणी विचारावं बोर्डीहून आलात ना, आणि आपण म्हणावं हो, तितकं सहज. गेल्याच आठवड्यात तिची पाळी येऊन गेली होती, कंबर अजून जड होती. ती आली होती पित्ताच्या खड्यांसाठी, जेवणानंतर उजव्या कुशीत कळ येते म्हणून. आणि त्याच पोटातली एक वस्तू तिने आत्ता या पंख्याखाली, टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत, देऊन टाकली. सोनोग्राफी वरच्या पोटाची झाली होती. खालचं कोणी पाहिलं नव्हतं. रिया डहाणूच्या या हॉस्पिटलात नवीन होती, उत्साही होती, बोलताना पेनाची टोपी उघडझाप करायची. "काकी, आता आमचं आणि वापीच्या हॉस्पिटलचं जोडलं गेलंय. तिथे जे झालं ते इथे दिसतं. परत तपासण्या नकोत, परत खर्च नको. किती बरं ना?"

"बरं," निशिगंधा म्हणाली.

"दोन हजार सोळा. प्रसूतीनंतर रक्तस्राव, मूल मृत..." रियाचा आवाज जरा खाली आला. "सॉरी, काकी. गर्भाशय काढून जीव वाचवला. आणि हे बघा, हे महत्त्वाचं. भुलेच्या एका औषधाने तुमचा श्वास परत येईना. रात्रभर मशीनवर होता तुम्ही. ते औषध तुम्हाला पुन्हा कधीच द्यायचं नाही. माहितीय ना तुम्हाला?"

माहीत होतं. माहीत नसायला काय झालं. फक्त ते तिचं नव्हतं.

रुग्णाचं नाव: निशिगंधा देवेश सावे. वय तेव्हा अडतीस. मूल मृत. तिचा ओंकार पुण्यात होस्टेलच्या जेवणाला नावं ठेवत होता, आणि कॉम्प्युटरमध्ये तिला एक मेलेलं मूल होतं. रिक्षा समुद्राच्या कडेने बोर्डीला निघाली, सुरूच्या झाडांमधून पाणी दिसायचं, जायचं, आणि तिला वाटलं की आपण त्या मुलासाठी कधी रडलो नाही. मग वाटलं, आपण का रडायचं? मग वाटलं, आपल्या नावावर आहे ते. रडणं कोणाच्या नावावर टाकता येतं का. रिक्षावाला गुजरातीत फोनवर कोणाला तरी शिव्या देत होता आणि ती त्या शिव्यांकडे नीट लक्ष देऊन ऐकत राहिली, कारण त्या संपल्या की वापी येणार होतं.

वापी आलंच, तीन वर्षांपूर्वीचं. भिकी त्यांच्या वाडीत चिकू काढायला, निवडायला होती, नवऱ्याबरोबर, बाबल्याबरोबर. बाळंतपणासाठी ती तलासरीकडे आईच्या पाड्यावर गेली होती आणि सकाळी बाबल्याचा फोन आला देवेशला: शेठ, रगात थांबत नाय. तलासरीतल्या एका छोट्या दवाखान्याने हात जोडले, इथे रक्तही नाही नि सर्जनही नाही. जवळ होतं ते वापी. गुजरातची हद्द ओलांडली की पाट्या बदलतात, बाकी रस्ता तोच. जीपच्या मागच्या सीटवर भिकीचं डोकं निशिगंधाच्या मांडीवर होतं आणि मांडीखाली काहीतरी कोमट पसरत होतं, आणि ती मनात म्हणत होती की सीटचं कव्हर धुवायला टाकू, धुवायला टाकू, दुसरा विचार येऊ नये म्हणून. काउंटरवरचा माणूस म्हणाला, पहेलां डिपॉझिट. देवेशच्या खिशात तेवढे नव्हते, कोणाच्याच खिशात सकाळच्या वेळी तेवढे नसतात. त्याने पाकिटातून मेडिक्लेमचं कार्ड काढलं. घरच्यांचं. चौघांची नावं होती त्यावर.

"पेशंटनुं छे?" माणसाने विचारलं.

देवेश थांबला. खरं तर थांबलाही नाही. "हो. माझी बायको."

डिलिव्हरी त्यात बसत नव्हती, जीव धोक्यात असल्याचं ऑपरेशन बसत होतं. ओळखपत्रावरचा निशिगंधाचा फोटो असा होता की जी कोणी बाई उन्हात डोळे बारीक करून उभी राहील ती त्यात खपली असती. माणसाने फोटो पाहिला, स्ट्रेचरवरची भिकी पाहिली, वय पाहिलं. "चालशे," म्हणाला. आणि स्ट्रेचर आत गेलं. एवढंच. कोणी कट केला नाही, कुजबुज केली नाही. कार्ड होतं म्हणून दार उघडलं. त्या दिवशी तिला देवेशचा इतका अभिमान वाटला होता की दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर तिने त्याला गरम पाणी काढून दिलं होतं, लग्नानंतर पहिल्यांदाच.

पण मधली ती दुपार. नर्सने पॅसेजमध्ये निशिगंधाला विचारलं होतं, तुम्ही कोण? आणि निशिगंधा तर आत होती, टेबलावर, म्हणून ती म्हणाली, "मी भिकी." नातं? "कामाला आहे त्यांच्याकडे." नर्सने तिच्या हातातल्या बांगड्यांकडे पाहिलं. "चांगला पगार देतात," ती म्हणाली आणि गेली. देवेश हसला होता त्यावर. निशिगंधाही. बाबल्या भिंतीला टेकून उभा होता, त्याला बसायला सांगितलं तरी बसत नव्हता. मग दार उघडून कोणीतरी ओरडलं, "निशिगंधा सावेचे मिस्टर!" आणि बाबल्याने एक पाऊल पुढे टाकलं होतं. अर्धं पाऊल. मग त्याने देवेशकडे पाहिलं आणि पाऊल मागे घेतलं. देवेश आत गेला, सही करून आला. कसली सही, तिने विचारलं. काढावं लागणार म्हणाले, देवेश म्हणाला, नाहीतर जाईल. आणि कपाळावरचा घाम शर्टाच्या बाहीने पुसला.

डहाणूहून घरी आल्यावर तिने देवेशला रियाचं सांगितलं. तो ओट्यावर पाय सोडून बसला होता, डॉक्टरांनी चढ-उतार बंद केल्यापासून तो वाडीकडे असा लांबूनच बघायचा. पुढच्या आठवड्यात मुंबईला त्याचं बायपास होतं. त्याच मेडिक्लेमवर. मंजुरीचा मेसेज आला होता आणि त्याने तो तिला दोनदा वाचून दाखवला होता.

"बरं झालं, हो म्हणालीस."

"अहो, पण ते माझं नाही."

"मला ठाऊक नाही होय? आता उघड झालं तर पॉलिसीच रद्द करतील ते. खोटा क्लेम म्हणतील. तुझ्या खड्यांचं नंतर बघू, निशा. माझं होईपर्यंत तोंड उघडू नको." मग जरा वेळाने, चिकूच्या पाट्या भरणाऱ्या बायकांकडे बघत, "माझं हृदय तेवढं माझ्याच नावावर आहे."

तो विनोद होता. ती हसली. नंतर तिला खूप थकवा आला, जिना न चढता जिना चढल्याचा.

त्यानंतरचे दिवस. आंघोळ करताना हात पोटावरून फिरायचा आणि थांबायचा: इथे असायला हवी शिवण. पाळीचं गणित करताना वाटायचं, कोणाची मोजतोय आपण. देवापुढे दिवा लावताना, भाजी चिरताना, ओंकारचा फोन आला असताना — आई, ऐकतेयस ना? — हो, ऐकतेय — ती एका टेबलावर आडवी असायची, तोंडात नळी, छाती मशीन वरखाली करतंय. हे तिने पाहिलं होतं, काचेतून. आता ते आठवताना ती काचेच्या दोन्ही बाजूंना असायची. आणि खाली अंगणात भिकी बसलेली, पाय दुमडून, मोठे चिकू एका पाटीत, बारके दुसऱ्या, फुटके तिसऱ्या. हात बघायला नजर लागत नव्हती तिला. निशिगंधाला वाटायचं, माझं पोट बसलंय तिथे. माझ्या नावाचं. भिकीने एकदा मान वर केली. "काय बाई, असा काय बघताव? चिकू चोरतंय का मी?" आणि शेजारच्या रखमीला कोपर मारून हसली. रखमी म्हणाली, "बाईंना खडे झालेत गं पोटात, त्या बघतात की तू एखादा गिळतेस का." सगळ्या हसल्या. निशिगंधा आत गेली आणि पाणी प्यायली. तहान नव्हती.

मग एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत भिकी उठलीच नाही. झाडाखाली गुडघे पोटाशी घेऊन पडली होती आणि हिरवं ओकत होती. सकाळपासूनच दुखत होतं म्हणे, बोलली नाही, रोज बुडेल म्हणून. बाबल्याने उचललं तेव्हा तिचं पोट ढोलकीसारखं ताणलेलं होतं. देवेश जीप काढायला निघाला, निशिगंधा म्हणाली तुम्ही नका, तो म्हणाला मग कोण. डहाणूपर्यंत तो हळू चालवत होता, स्वतःच्या छातीसाठी की भिकीच्या पोटासाठी, कळत नव्हतं. मागच्या सीटवर पुन्हा तेच डोकं तिच्या मांडीवर. पुन्हा तेच का म्हणावं. कव्हर बदललेलं होतं.

रियाने पोटावर हात ठेवला, एक्सरे पाहिला, आणि तिची पेनाची टोपी उघडझाप करायची थांबली. "आतडं अडकलंय. कदाचित पीळ बसलाय. आत्ता उघडावं लागेल, वापीला नेण्याइतका वेळ नाही. भुलेचे डॉक्टर पोचतायत. आधी काय ऑपरेशन झालंय हिचं? ही खूण कसली?"

भिकीचे ओठ सुकलेले. तिने निशिगंधाकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही.

"सिझर," ती म्हणाली. "पोर मेला."

"कुठे झालं?"

"सरकारी."

"भूल दिली होती तेव्हा काही त्रास? श्वासाचा?"

"नाय. कायच नाय."

खोटं कोणतं आणि खरं कोणतं हे निशिगंधाला त्या क्षणी अगदी वेगवेगळं दिसलं, पाट्यांत निवडल्यासारखं. सिझर, सरकारी, हे खोटं होतं. ते तिने शेठसाठी सांगितलं. शेठचं ऑपरेशन तोंडावर आलंय हे वाडीत सगळ्यांना माहीत होतं. पण कायच नाय, हे भिकीच्या दृष्टीने खरं होतं. तिला कोण सांगणार होतं? ती झोपली आणि उठली. मधली रात्र काचेच्या या बाजूला होती. भुलेचे म्हातारे डॉक्टर बाहेर येऊन सगळं बोलले होते ते देवेशशी, कारण देवेश नवरा होता. इशाऱ्याची चिठ्ठी पेशंटच्या पाकिटात कायम राहू दे म्हणाले होते, आणि ती पेशंटच्याच कपाटात होती, निशिगंधा सावेच्या, साड्यांखाली.

"तिला भूल बाधते," निशिगंधा म्हणाली.

रियाने वर पाहिलं. "बाधते म्हणजे? उलट्या होतात?"

"श्वास. श्वास येत नाही."

"बाईंला काय म्हायत," भिकी कण्हत म्हणाली. "मना काय नाय झाला. तुमी करा, डाक्टर."

"काकी, कोणी सांगितलं तुम्हाला? कागद आहे? तिचं पोट भरलेलं आहे, झटकन भूल द्यावी लागते, त्यासाठी एकच औषध बरं पडतं. नुसतं बाधते म्हणून मी..." दारात कोणीतरी म्हणालं, डॉक्टर आले, टेबल तयार आहे. देवेश पॅसेजच्या बाकावर बसला होता. अर्ध्या दारातून त्याची पाठ दिसत होती, पाठीवर शर्ट चिकटलेला. त्याने शर्टाच्या वरच्या दोन गुंड्या सोडल्या असणार, तो हल्ली सोडायचा. तिने त्या पाठीकडे पाहिलं. एक मोठी, ओळखीची पाठ. तिला वाटलं, आत्ता ही पाठ वळली आणि म्हणाली गप्प राहा, तर आपण राहू. वळली नाही. स्ट्रेचरची चाकं सुटली.

"तुमच्या कॉम्प्युटरवर माझ्या नावावर जे आहे ना," ती म्हणाली, "ते हिचं आहे."

रियाला कळायला वेळ लागला. मग एकदम कळलं, आणि तिच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग तो बाजूला सारून काम. ती टेबलाकडे धावली, बटणं दाबली, आणि भुलेच्या डॉक्टरांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने वाचू लागली. "सोळा साल, वापी. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव. ते औषध द्यायचं नाही, सर, श्वास परतला नव्हता, रात्रभर व्हेंटिलेटर. आधीची शस्त्रक्रिया सिझर नाही, गर्भाशय काढलेलं आहे. पूर्ण."

स्ट्रेचरवरून आवाज आला. अगदी बारीक.

"कोनाचा?"

स्ट्रेचर दाराकडे वळलं. सगळे घाईत होते.

"पिशवी कोनाची काढलीय, बाई?"

आणि दार लागलं.

हे तिने मोजलं नव्हतं. हॉस्पिटल, पॉलिसी, देवेशची छाती, भिकीचा जाणारा श्वास, हे सगळं एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला ठेवून पाहिलं होतं. भिकीला माहीत नसेल हे तिने कुठल्याच बाजूला ठेवलं नव्हतं. तीन वर्षं. तिला पाळी येत नाही हे भिकीने चिकू निवडताना सांगितलंही होतं: रगात गेला सगळा त्या दिसी, बाई, भराया टाईम लागंल. आणि निशिगंधाने तिला गूळ-शेंगदाणे खायला सांगितलं होतं. लोह वाढतं. तिला वाटलं होतं ही आपली बोलायची रीत. दर अमावास्येला भिकी कोंबडा घेऊन कुठल्या नवसाला जायची? सुट्टी मागायची, दिली जायची.

बाबल्या पॅसेजमध्ये उभाच होता. निशिगंधाने त्याला विचारलं, तुला ठाऊक होतं ना?

"शेठ बोललं मना," बाबल्या म्हणाला. तो देवेशकडे नाही, जमिनीकडे बघून बोलत होता. "पिशवीला मार लागलाय, असा बोललं. मार बरा होतो ना, बाई. पायाला लागला तर बरा होतो."

देवेशने डोळे मिटले. "मी म्हटलं, ते समजतील हळूहळू," तो म्हणाला. "मला वाटलं तू सांगशील तिला. बायकाबायकांत."

मला वाटलं तुम्ही सांगितलंत बाबल्याला, असं ती म्हणणार होती. म्हणाली नाही. ते सगळ्यांना ऐकू आलंच होतं.

बाबल्या पाणी आणायला गेला तेव्हा देवेशने विचारलं, "लिहिलं का डॉक्टरने?"

"लिहिणार. म्हणाली लिहावंच लागेल. वापीलाही दिसेल."

"हं." त्याने मोबाइल काढला, मंजुरीचा मेसेज उघडला, बंद केला. "मला एकदा विचारायचंस तरी, निशा. मी नाही म्हणालो नसतो."

"मग विचारून काय झालं असतं?"

"विचारलं असतंस."

"तुम्ही सही केलीत तेव्हा तिला विचारलं होतं?"

"ती बेशुद्ध होती."

"बाबल्या शुद्धीवर होता."

यावर देवेशने खिडकीतून येणाऱ्या उन्हाकडे पाहिलं. मग म्हणाला, बाकावर सरकून घे, तुझ्या पाठीवर ऊन येतंय. ती सरकली. दोघांचे खांदे टेकले. शेजारी बसलेल्या या माणसाच्या आत काहीतरी चुकत चुकत चाललं होतं, ते तिला शर्टातून कळत होतं, आणि आता ते दुरुस्त कसं करायचं, कुठे, कधी, हे दोघांनाही सुचत नव्हतं. बरं केलंस, असं तो म्हणाला नाही. वाईट केलंस, असंही नाही. आत भिकीचा श्वास चालू राहिला. रिया टोपी काढत बाहेर येऊन म्हणाली, आतडं वाचलं, जरा काळं पडलेलं पण वाचलं, भूल व्यवस्थित उतरतेय. मग निशिगंधाकडे वळून, थंडपणे, "काकी, म्हणजे तुमच्या नावावर आता काहीच नाही. तुमची सगळी माहिती पहिल्यापासून भरावी लागेल."

वॉर्डात भिकी भिंतीकडे तोंड करून होती. नाकातली नळी निघाली, भात चालू झाला, तरी तशीच. निशिगंधा रोज यायची, पेज आणायची, बाजूला ठेवायची. भिकी बाबल्याशी बोलायची, समोरच्या खाटेवरच्या म्हातारीशी बोलायची. म्हातारीने एकदा विचारलं, ही कोण गं तुझी? भिकी म्हणाली, "हिचाच नाव होता मना." म्हातारीला काही कळलं नाही, तिने पेजेचं भांडं आपल्याकडे ओढलं.

मग एका सकाळी, खिडकीतून वर्दळीचा आवाज येत असताना, भिकी तशीच भिंतीकडे बघत म्हणाली, "कशाला बोलल्या तुमी? शेठचा आपरेशन ऱ्हायला ना आता."

"तुझा श्वास गेला असता, भिकी."

"गेला असता तं गेला असता. मी ठरवलेला. तुमी मना नाव दिला, मी तुमाला तोंड बंद देत होती. बरोबर झाला असता. आता काय झाला? शेठचा बी गेला, नि माझा..." ती थांबली. पोटावर हात ठेवला, शिवणीच्या खाली, जिथे जुनी शिवण होती. बराच वेळ तिथेच ठेवला. "आमच्यात बाळाची वार पुरतात दारात," ती म्हणाली. आता आवाजात राग नव्हता. ती नुसती विचारत होती, वाट विचारावी तशी. "पोराला बाबल्यानं पुरला, मना म्हायत हाय कुठं. ती जागा मी शेनानं सारवते. पिशवी कुठं टाकली, बाई?"

निशिगंधाने आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं. काच, पॅसेज, नर्स, देवेशची बाही. कोणीतरी एक झाकलेलं भांडं घेऊन गेलं होतं का? त्यावर नाव लिहिलेलं असणार. कुठेतरी तपासायला गेलं असणार, मग कुठेतरी... तिने विचारलं नव्हतं. ती त्या दिवशी कामवाली होती.

"मला माहीत नाही गं."

भिकीने पहिल्यांदा मान वळवली आणि तिच्याकडे नीट पाहिलं.

"तुमाला म्हायत पायजेल होता," ती म्हणाली. "नाव तुमचा होता."